मोम्बासाची रेल्वे आणि डॉलरचा हप्ता

परदेशी कर्जाची बातमी आली की चर्चा व्याजदरापाशीच थांबते. माझ्या मते कर्जकरार वाचताना व्याजदर सगळ्यांत शेवटी बघावा. आधी तीन गोष्टी शोधाव्यात: फेड कोणत्या चलनात, मुद्दलाचा पहिला हप्ता कधी, आणि त्या तारखेपर्यंत प्रकल्पाची कमाई सुरू झालेली असेल का. केनियाचं मोम्बासा बंदर आणि राजधानी नैरोबी यांना जोडणाऱ्या रेल्वेवर हे नीट शिकता येतं, कारण तिचे कर्जकरार सरकारने २०२२ मध्ये जाहीर केले. त्याआधी गोपनीयतेच्या कलमाकडे बोट दाखवून ते दडवून ठेवले होते. ज्या जनतेने फेडायचं, तिलाच अटी माहीत नव्हत्या, आणि हे मला फार गंभीर वाटतं.

२०१४ मध्ये चीनच्या सरकारी एक्झिम बँकेने या रेल्वेसाठी दोन कर्जं दिली. पहिलं १६० कोटी डॉलरचं, २ टक्के व्याजाने, २० वर्षांचं, त्यातली पहिली ७ वर्षं मुद्दल नाही. दुसरं २०० कोटी डॉलरचं, १५ वर्षांचं, ५ वर्षं मुद्दल नाही, आणि व्याज लायबोर (बँकांमधल्या डॉलर कर्जाचा बदलता आंतरराष्ट्रीय दर) अधिक ३.६ टक्के. बातम्यांत पहिल्याचे २ टक्के झळकतात. घाव घातला तो दुसऱ्याने.

घर बांधताना घेतलेलं मोरेटोरियम आठवा. मुद्दल थांबतं, व्याज थांबत नाही, आणि घड्याळ करारापासून चालू होतं, घरात राहायला गेल्यापासून नाही. इथे प्रवासी गाडी ३१ मे २०१७ ला धावली, मालगाड्या २०१८ च्या सुरुवातीला. खरी कमाई मालाची. म्हणजे पाचातली साडेतीन वर्षं बांधकामातच गेली आणि २०१९ मध्ये मुद्दल दारात उभं राहिलं. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या जपानी कर्जाला ०.१ टक्के व्याज, ५० वर्षांची मुदत आणि १५ वर्षांचं मोरेटोरियम आहे. तिथेही येनचा धोका आहेच, पण काम रखडलं तरी हप्त्याआधी श्वास घ्यायला जागा आहे. केनियाला ती नव्हती.

आता चलन. २०० कोटी डॉलर दहा वर्षांत सहामाही हप्त्यांनी फेडायचे, तर प्रत्येक हप्त्याला मुद्दलच सुमारे १० कोटी डॉलर. करार झाला तेव्हा डॉलर ८८ शिलिंगच्या (केनियाचं चलन) आसपास होता, म्हणजे ८८० कोटी शिलिंग. जानेवारी २०२४ मध्ये तो १६० च्या वर गेला, आणि तोच हप्ता १,६०० कोटींचा झाला. रेल्वेने एकही चूक न करता. प्रवाशाचं तिकीट शिलिंगमध्ये, त्यामुळे भाडं दुप्पट करून ही दरी भरता येत नाही. त्यात व्याजही स्थिर नाही, लायबोरबरोबर वरखाली होतं. २०१४ मध्ये लायबोर नगण्य असल्याने एकूण दर ४ टक्क्यांच्या आत होता. २०२३ मध्ये अमेरिकेत व्याजदर चढले आणि हाच दर ९ टक्क्यांच्या घरात गेला. नैरोबीतल्या कोणाचाही त्या निर्णयाशी संबंध नव्हता.

मालाचं गणितही चुकलं. ट्रक माल बंदरातून थेट गोदामात पोचवतो. रेल्वेने आलेला कंटेनर नैरोबीच्या डेपोत उतरवायचा, पुन्हा ट्रकवर चढवायचा. भाडं दोनदा, हाताळणी दोनदा. व्यापारी आपणहून वळले नाहीत, म्हणून आयात माल रेल्वेनेच न्यायची सक्ती झाली. मोम्बासातल्या ट्रकमालकांचा आणि महामार्गावरच्या छोट्या गावांचा धंदा बसला. सप्टेंबर २०२२ मध्ये नव्या अध्यक्षांनी ती सक्ती काढली.

सक्तीमागे आणखी एक करार होता. बंदर प्राधिकरणाने रेल्वेला ठरावीक माल देण्याची हमी दिली होती. माल कमी पडला तरी पैसे भरायचे. 'मोम्बासा बंदर चीनकडे गहाण' ही ओरड यातूनच उठली. सरळ अर्थाने बंदर गहाण नव्हतं, आणि सार्वभौम संरक्षण (परदेशी कोर्टात सरकारवर दावा न चालण्याची सवलत) सोडण्याचं कलम तर व्यापारी कर्जांत सर्रास असतं. पण बंदराची कमाई रेल्वेच्या तुटीला जोडली गेली, आणि आयातीवर १.५ टक्के रेल्वे उपकर २०१३ पासूनच लागू होता. तो आयात मालाच्या किमतीत मिसळतो, म्हणजे कधी गाडीत न बसलेला माणूसही हप्ता भरतो.

ठेका चिनी कंपनीला निविदेविना दिला गेला. २०२० मध्ये केनियाच्या अपील न्यायालयाने ही खरेदी बेकायदा ठरवली; तोवर रूळ टाकून झाले होते. स्पर्धाच नसेल तर किंमत जास्त लागली का, हे ताडायला मोजपट्टीच उरत नाही. हा तोटा व्याजदराच्या रकान्यात कधीच दिसत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये केनियाने ही डॉलरची कर्जं युआनमध्ये बदलून घेतली. व्याज कमी झालं, सरकारच्या हिशेबाने वर्षाला सुमारे २१.५ कोटी डॉलर वाचतील. हा दिलासा खरा आहे. पण केनिया चीनकडून घेतो खूप आणि विकतो फार थोडं, त्यामुळे युआनही विकतच घ्यावा लागणार, आणि तिकीट अजून शिलिंगमध्येच आहे.