तुम्ही विचारलंत म्हणून: चौदा वर्षांच्या जिमबद्दल

दरवर्षी २५ एप्रिलला, अ‍ॅन्झॅक डेला (युद्धात गेलेल्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैनिकांच्या स्मरणदिनी), मी पहिल्या महायुद्धातल्या जिम मार्टिन या पोरगेल्या ऑस्ट्रेलियन सैनिकाबद्दल काहीतरी लिहिते आणि मेलबर्नच्या आपल्या मराठी मंडळींपैकी कोणीतरी हमखास विचारतं, अहो या मुलाने नेमकं केलं काय? पदक नाही, एकही मोठी लढाई नावावर नाही, मग हाच का? म्हणून आज जरा सविस्तर.

जेम्स चार्ल्स मार्टिन, जन्म जानेवारी १९०१, सहा भावंडांत एकुलता एक मुलगा. १२ एप्रिल १९१५ ला भरती झाला तेव्हा वय १४ वर्षं ३ महिने, फॉर्मवर सांगितलं १८. आधी वडील भरतीला गेले होते, त्यांना परत पाठवलं, तर हा म्हणाला मग मी जातो. आई तयार होईना. तेव्हा याने धमकी दिली की परवानगी देत नसाल तर दुसऱ्या नावाने भरती होईन आणि एक पत्रसुद्धा पाठवणार नाही. २१ च्या आतल्याला आईबापांची लेखी परवानगी लागायची, ती मिळाली. त्या आईला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही, निदान मुलाची खबर तरी कळत राहील एवढाच हिशेब केला असेल तिने. राग येतो तो भरतीच्या टेबलामागे बसलेल्या मोठ्या माणसांचा, समोर कोवळं पोर उभं आहे हे त्यांना दिसलं नसेल?

मग २१वी बटालियन, जूनअखेर जहाजाने इजिप्त, आणि तिथून गॅलिपोलीला (तुर्कस्तानचा द्वीपकल्प, तिथे तुर्कांशी लढाई चालू होती) जाताना २ सप्टेंबरला त्यांच्या 'साउथलँड' जहाजावर जर्मन पाणबुडीने टॉर्पेडो मारला. जिम चार तास समुद्राच्या पाण्यात होता. बाहेर काढल्यावर पुन्हा आघाडीवरच, सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच तो खंदकात पोचलासुद्धा.

आणि खंदकातलं आयुष्य म्हणजे काय, तर प्यायचं पाणी मोजून, दोन्ही बाजूंच्या खंदकांमधल्या जमिनीवर पडलेली प्रेतं, उघडे संडास, आणि त्या सगळ्यावरून उठून जेवणावर येऊन बसणाऱ्या माशा. जुलाब आणि टायफॉइडने हजारो सैनिक आडवे झाले होते. ९ ऑक्टोबरला जिमने घरी लिहिलं की तुर्क आमच्यापासून साधारण ७० यार्डांवरच आहेत, माझं छान चाललंय, काळजी करू नका, आणि हेही लिहिलं की तुमचं एकही पत्र मला मिळालेलं नाही. घरून पत्रं जात होती हो, त्याच्यापर्यंत पोचत नव्हती. मला सगळ्यात जास्त लागतं ते हे.

त्यालाही टायफॉइड झाला. २५ ऑक्टोबरला त्याला 'ग्लेनार्ट कॅसल' या हॉस्पिटल जहाजावर हलवलं आणि त्याच संध्याकाळी हृदय बंद पडून तो गेला. वय १४ वर्षं ९ महिने. जहाजावरच्या मेट्रनने त्याच्या आईला पत्र लिहून कळवलं, त्याला समुद्रातच दफन केलं. पहिल्या महायुद्धात मेलेला ऑस्ट्रेलियाचा ज्ञात असलेला सगळ्यात लहान सैनिक तो.

तर त्याने काय केलं या प्रश्नाला माझं उत्तर असं, की गॅलिपोलीच्या त्या टेकड्यांवर बहुतेक पोरांनी जे केलं तेच. तहान काढली, पहारे दिले, घरच्या पत्राची वाट बघितली, आजारी पडला. शौर्यपदकांच्या गोष्टी सांगायला पुष्कळ जण आहेत, याचं कोणीतरी सांगायला हवं ना? आणि "आपला काय संबंध" म्हणणाऱ्यांसाठी, त्याच टेकड्यांवर खेचरांच्या पाठीवरून पाणी आणि रसद वर चढवणारे भारतीय सैन्यातले लोक होते, आणि १९१५ मध्येच आपल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढत होत्या. त्यांत वय चोरून भरती झालेलं एखादं पोर नसेल असं मला तरी ठामपणे म्हणवत नाही.

कोणी टर्कीला जाणार असाल तर गॅलिपोलीच्या लोन पाइन स्मारकावर नावं पलटणीप्रमाणे कोरलेली आहेत, २१व्या बटालियनखाली मार्टिन बघा.