उघडतं पण बंद होत नाही

मी टेक्सासमध्ये डॅलसजवळ फ्रिस्को-प्लेनो भागात गॅरेज डोअर रिपेअरचं काम करतो. स्प्रिंग तुटली, केबल निसटली हे रोजचंच, पण एका मराठी ताईंच्या घरची केस मी नवीन येणाऱ्या प्रत्येक पोराला सांगतो.

ताई हॉस्पिटलात नर्स, नाइट शिफ्ट. फोनवर म्हणाल्या, "दादा, गाडीच्या आरशातलं बटण दाबलं की दार उघडतं, पण गाडी बाहेर काढली की बंदच होत नाही हो. रात्री सासूबाई एकट्या असतात आणि गॅरेजमधून थेट किचनमध्ये येता येतं." शोरूमवाल्यांनी गाडी बघून काही प्रॉब्लेम नाही सांगितलं होतं, आधी एक टेक्निशियन येऊन सेन्सर (दाराखाली काही आडवं आलं तर दार बंद होऊ न देणारे) बदलून पैसे घेऊन गेला, तरी तेच.

आता सेन्सरचं दुखणं असतं तर भिंतीवरचं बटण नुसतं दाबून दार खाली आलं नसतं, दाबून धरावं लागतं. इथे एकदा दाबलं की दार सरळ खाली. मग सेन्सर कशाला बदलले? अशा कामाचा मला खरंच राग येतो, समोरच्याला कळत नाही म्हणून काहीही बदलायचं का?

म्हटलं आरशातलं होमलिंक, म्हणजे गाडीतच बसवलेला गॅरेजचा रिमोट, परत प्रोग्राम करून बघू. मोटरला नवीन रिमोटची ओळख करून देणारं तिच्यावरचं पिवळं लर्न बटण दाबलं की ३० सेकंदांत गाडीतलं बटण दोन-तीनदा दाबायचं असतं, म्हणून ताईंना आधीच गाडीत बसवलं आणि मी शिडीवर. काहीच नाही. परत केलं, तरी नाही. हातातला रिमोटसुद्धा मोटरच्या खाली उभं राहून चालायचा, ड्राइव्हवेवरून नाही.

तेवढ्यात सासूबाई दारातून म्हणाल्या, "अरे बाळा, ते वरचे दिवे विझले ना की मग चालतं, मी खिडकीतून बघते ना रोज."

मी वर बघितलं तर मोटरला दोन स्वस्तातले एलईडी बल्ब! एलईडीच्या बुडाशी करंट बदलणारं छोटं सर्किट असतं, स्वस्त बल्बात त्याला धड फिल्टर नसतो, त्यामुळे ते रेडिओचा कचरा बाहेर टाकत राहतं आणि रिमोटचा सिग्नल ३१० ते ३९० मेगाहर्ट्झ, म्हणजे त्याच गोंगाटात सापडतो. त्यात अँटेनाची वायर बल्बपासून वीतभरावर लोंबत होती. दार बंद असताना दिवे बंद, म्हणून उघडतं, उघडलं की दिवे आपोआप लागतात ते साडेचार मिनिटं, आणि तेवढा वेळ मोटर ठार बहिरी. ताई रोज ड्राइव्हवेवर तेवढंच थांबत होत्या.

बल्ब काढले, मोबाइलच्या टॉर्चवर काम केलं. आधी लर्न बटण सहा सेकंद दाबून जुनी मेमरी सगळी पुसली, कारण घर विकून गेलेल्यांच्या गाड्याही त्यात असू शकतात, नवीन घर घेतलेल्यांनी हे पहिल्या दिवशीच करा प्लीज. मग होमलिंक पहिल्या फटक्यात लागलं. गॅरेज ओपनरसाठीचेच बल्ब मिळतात ते लावले, ताईंनी गाडी रस्त्यावर नेऊन बटण दाबलं आणि दिवे चालू असताना दार खाली आलं.

सेन्सरच्या बिलाच्या मागे मी खरं कारण लिहून सही करून दिलं, म्हटलं ताई, हे दाखवून पैसे परत मागा.