एक लिटरच्या ऑटोक्लेव्हमध्ये पॉलिइथिलीन: माझा अनुभव

ऑटोक्लेव्ह म्हणजे दाब सहन करणारं बंद भांडं, माझा रिअॅक्टर; त्यात इथिलीन वायूचे रेणू जोडून पॉलिइथिलीन बनवते. नव्या माणसाला भीती वाटते दाबाची. माझे रन मात्र बहुतेक वेळा फुकट गेले ते ओलाव्यापायी. 500 मिली हेप्टेनमध्ये (हा आतला द्रावक) नुसतं 10 पीपीएम पाणी म्हणजे 0.19 मिलिमोल. कॅटॅलिस्ट 20 मिलिग्रॅम, मॅग्नेशियम क्लोराइडवर बसवलेलं; त्यात टायटॅनियम 2.4 टक्के, म्हणजे जेमतेम 0.01 मिलिमोल. पाणी टायटॅनियमच्या एकोणीस पट, आणि ते कॅटॅलिस्टला मारतं! म्हणून ट्रायइथिल अॅल्युमिनियमचं 1 मोलर द्रावण 1 मिली आधी सोडायचं. हे द्रावण पाणी खातं, आणि उरतं ते टायटॅनियमला कामाला लावतं. हवेत ते आपोआप पेटतं, तेव्हा सिरिंज नायट्रोजनखालीच भरायची.

त्याआधी रिकामा रिअॅक्टर 120 अंशांवर तीन तास व्हॅक्यूममध्ये तापवते, तीनदा नायट्रोजन भरून सोडते. थंड झाल्यावर 15 बार नायट्रोजनवर गळती बघायची. तापमान स्थिर झालेलं हवं, नाहीतर गार होताना उतरणारा काटा गळतीच वाटतो.

70 अंश, 2 बार इथिलीन, स्टरर 600 आरपीएम. नळीत कॅटॅलिस्ट तळाशी बसतं, म्हणून ती हलवून लगेच 5 बार नायट्रोजनने आत ढकलायचं. मग इथिलीन हळूहळू 10 बारपर्यंत. कारखान्यात धातूऐवजी पेरॉक्साइडने पॉलिइथिलीन बनवण्याच्या पद्धतीला 1000 बारच्या वर जावं लागतं. इथे धातूमुळे एवढ्यावर भागतं.

पहिली पाच मिनिटं नजर तापमानावरच. एक ग्रॅम पॉलिमर बनताना सुमारे 3.4 किलोज्यूल उष्णता सुटते. मिनिटात 10 ग्रॅम बनलं आणि उष्णता काढली नाही, तर एवढं हेप्टेन 40 अंशांहून जास्त तापेल. 75 दिसताच मी इथिलीन कमी करते, थंड करणाऱ्या कॉइलमध्ये पाणी वाढवते. 90 च्या पुढे पावडर फुगून चिकट होते, स्टररला गुंडाळते. मग ती चाकूने खरवडत बसा. साखळी आखूड ठेवायला हायड्रोजन लागतो; तो अजिबात दिला नाही तर साखळ्या इतक्या लांब होतात की मेल्ट फ्लोच्या (वितळलेलं पॉलिमर किती वाहतं ते मोजणाऱ्या) यंत्रातून काही बाहेर येत नाही.

थांबवताना इथिलीन बंद, 30 अंशांपर्यंत थंड, मग दाब अगदी सावकाश सोडायचा. घाई केली की फेस येऊन पावडर व्हेंटच्या नळीत बसते. दाब पूर्ण उतरल्यावर, नायट्रोजनखाली, आम्लयुक्त मिथेनॉल थेंबथेंब, कारण उरलेल्या ट्रायइथिल अॅल्युमिनियमपासून इथेन वायू सुटतो.

रिअॅक्टर धुण्यात कसूर नको. टायटॅनियम-अॅल्युमिनियमच्या या जोडीच्या 1953 च्या शोधाआधी जर्मनीतल्या म्युल्हाइममध्ये, ती शोधणाऱ्या कार्ल झीग्लर यांच्या ऑटोक्लेव्हमध्ये निकेलचा अंश राहिला होता, आणि लांब साखळीऐवजी इथिलीनचे दोनच रेणू जोडलेलं ब्युटीन मिळालं होतं.

गाळलेली पावडर ओल्या रव्यासारखी दिसते. 60 अंशांवर व्हॅक्यूम ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत सुकवायची. हेप्टेन राहिलं तर उत्पादन उगाच जास्त दिसतं.