अर्धी गोळी

परदेशातल्या लेकाकडे निघालेल्या घरात बॅगांचं वजन चार-चार वेळा होतं. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला सगळं काट्यावर चढतं आणि उतरतं. झोपेचा हिशेब मात्र विमानतळावर, रात्री साडेअकराला, कुणीतरी हातात कोंबलेल्या गोळ्यांच्या पट्टीकडे बघत मांडला जातो. आणि बहुधा चुकतो.

हा हिशेब उलटा मांडायचा असतो, उतरण्यापासून मागे. रात्री दीडला मुंबईहून सुटणारं न्यूयॉर्कचं थेट विमान धरा. प्रवास साधारण सोळा तासांचा. उन्हाळ्यात घड्याळांत साडेनऊ तासांचा फरक, म्हणजे इथून उडताना तिथे आदल्या दुपारचे चार, आणि उतरताना सकाळचे आठ. पहिले दोन तास जेवणाच्या ट्रॉलीचे. ते सोडले तरी झोपेला भरपूर वेळ उरतो. लंडनचं विमान मात्र नऊ-दहा तासांचंच. झोल्पिडेमसारख्या झोपेच्या गोळीला पुढे सात-आठ तास मोकळे लागतात. जेवणाचे दोन तास आणि उतरण्याआधीचा जागं होण्याचा एक तास वजा केला, की तेवढे उरत नाहीत. जेवण उरकून ती घेतली, तर खाली उतरायची वेळ येते तेव्हा ती अजून अंगात असते. मग इमिग्रेशनच्या खिडकीवर ‘कुठे राहणार?’ या साध्या प्रश्नालाही माणूस खांबासारखा उभा. दुबईच्या तीन तासांसाठी तर गोळीचं नावच नको.

ही गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळू नये असा आपल्याकडे कायदा आहे आणि तो बरोबर आहे. शरीरातलं तिचं प्रमाण निम्म्यावर यायला अडीचेक तास लागतात, उतारवयात जास्त. बायकांच्या रक्तात ती सकाळपर्यंत जास्त रेंगाळते म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2013 साली त्यांचा सुरुवातीचा डोस 10 मिलिग्रॅमवरून 5 वर आणला. 2019 साली त्याच खात्याने सर्वांत कडक इशारा छापायला लावला, कारण काही जण या गोळीवर झोपेतच उठतात, चालतात, खातात, आणि नंतर त्यांना काही आठवत नाही. विमानात शेजारच्याला ओलांडून कुणी असं निघालं तर काय होईल, याची कल्पना करा. म्हणून पहिली गोळी विमानात कधीच घ्यायची नाही. डॉक्टरांनी दिली असेल, तर आधी घरी, सुट्टीच्या आदल्या रात्री, घरचं कुणी जागं असताना. अर्धी करायची असेल तर तेही त्यांना विचारूनच. सावकाश विरघळणारी गोळी मोडली, की तिचा सावकाशपणाच मोडतो.

वर दारू नको. विमानातली हवा सहा ते आठ हजार फुटांवर असावी इतकी विरळ ठेवलेली असते. कळसूबाई साधारण 5,400 फूट. म्हणजे कळसूबाईच्याही वर बसून आपण डोळा लावतो. तिथे रक्तातला प्राणवायू तसाही थोडा उतरलेला, त्यात पेग आणि गोळी मिळून श्वास आणखी मंदावतात. शिवाय दारूची झोप दोन-तीन तासांत फुटते.

गोळीचा आणखी एक दोष फार कमी लोक धरतात. साधी झोप कुशीवर वळते, पाय हलवते. गोळीने आणलेली झोप हलतच नाही. गुडघ्यात दुमडलेले पाय तसेच सहा तास राहिले, तर पोटरीत रक्ताची गुठळी व्हायची भीती वाढते. ज्यांना पूर्वी गुठळी झालीये किंवा नुकतंच ऑपरेशन झालंय, त्यांनी गोळीऐवजी डॉक्टरांना घट्ट मोज्यांबद्दल विचारावं.

मराठी घरातली खरी झोपेची गोळी वेगळीच. वरंधा किंवा आंबोलीचा घाट लागायच्या आधी घेतलेली ॲव्होमिन. उलटी थांबते आणि डोळेही मिटतात, म्हणून ती थेट अमेरिकेपर्यंत नेली जाते. पण तिची झोप चिकट. उतरल्यावरही पापण्यांवर बसून राहते. केबिनची हवा आधीच कोरडी, आर्द्रता दहा-वीस टक्के, त्यात ही तोंड आणखी वाळवते. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी तुंबू शकते. आणि बाळाला ‘थोडीशी’ देणं तर नकोच. दोन वर्षांखालच्या मुलांचा श्वास तिने धोक्याइतका मंदावू शकतो, आणि काही पोरं उलट जास्तच खिदळायला लागतात.

मग लेकाने पाठवलेली मेलाटोनिनची बाटली. ही गुंगीची गोळी नव्हेच. ‘रात्र झाली’ एवढा निरोप ती मेंदूला देते. निरोपाला अर्धा मिलिग्रॅमही बहुतेकदा पुरतो, बाटलीवर मात्र 10 छापलेलं. जेलीसारख्या गमी असतील तर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका. 2023 साली अमेरिकेत 25 गमी तपासल्या, त्यांतल्या 22 मध्ये आकडा खोटा निघाला. आणि ती विमानात नाही, पोहोचल्यावर तिथल्या रात्री दहा ते बाराच्या दरम्यान घ्यायची. भलत्या वेळी घेतली तर दिवसा पेंग येते आणि शरीराचं घड्याळ जुळायला उलट उशीर होतो.

दुबईमार्गे जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. झोपेच्या बऱ्याच गोळ्यांना तिथे आधी परवानगी लागते. खसखसही तिथे बंद. म्हणजे दिवाळीचे अनारसेसुद्धा अडचणीत.

खरं काम करतात त्या स्वस्त वस्तू. फोमचे इअरप्लग शंभरातले नव्वद लोक चुकीचे घालतात असं आमचं मत, कारण अर्धा बोळा बाहेर डोकावत असतो. समईची वात वळावी तसा तो बोटांत वळून अगदी बारीक करायचा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि बोट न काढता तीस आकडे मोजायचे. तो आत फुगतो आणि इंजिनाची घरघर लांब जाते. मानेची उशी उलटी घाला, उघडी बाजू मागे. सीटवर बसलेल्याचं डोकं मागे पडत नाही, पुढे पडतं. हनुवटीखाली आधार हवा, मानेमागे फुगा नको. शालीची घडी कमरेत. आणि पट्टा पांघरुणाच्या वरून लावा. गचके बसले की हवाई सुंदरी पट्टा तपासायला येते, दिसला की उठवत नाही.

उतरायच्या तासभर आधी जागं व्हायचं. झोपेत आवंढा गिळणं कमी होतं आणि कानात बसलेले दडे सुटत नाहीत. बोळे काढून घोट-घोट पाणी प्यायचं. घरी पोहोचल्यावर लेक म्हणेलच, ‘आई, जरा पडा’. पडायचं, पण वीस मिनिटांचा गजर लावून. त्यानंतर पडदे उघडे, चहा, बाहेर उन्हात एक फेरी. मेलाटोनिनची बाटली रात्री दहानंतर.