मामा तलावाचं अत्तर

भाचीने कुरिअरने पाठवलेली कुपी जेमतेम दहा मिलीची. गळ्याला सुतळी गुंडाळलेली, वर हाताने लिहिलेलं लेबल: 'मामा तलाव'. मी तिचा मामा, तेव्हा पोरीने माझी थट्टा केली असंच आधी वाटलं. पण आमच्या भंडाऱ्याकडे माजी मालगुजारी तलावांना सगळे मामा तलावच म्हणतात. कागदावरचे 'मा. मा.' लोकांनी जोडून टाकले आणि तलावाशी परस्पर नातं लावून मोकळे झाले. बांधले कोहळी समाजाने, नाव मात्र मालगुजाराचं, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराचं. असो.

पोरगी पुण्यात नोकरी करते आणि शनिवार-रविवारी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ड्रॉपर आणि नाजूक वजनकाटा घेऊन बसते. मनगटावर थेंब टाकला. आधी काकडी आली, मग नुकतं चिरलेलं टरबूज, आणि त्यामागून हलकंसं कमळ. छान होतं. पण हॉटेलच्या लॉबीत काचेच्या भांड्यात पाकळ्या तरंगत असतात ना, तसं छान.

रात्री फोन आला. "मामा, खरं सांग."

"पाणी कुठून आणलंस?"

ती हसली. पाण्याला वास नसतोच, म्हणाली. अत्तरातलं 'पाणी' बनवावं लागतं. फायझर या औषधकंपनीत १९६६ साली कॅलोन नावाचं एक रसायन सापडलं, त्याला टरबुजाचा आणि समुद्रावरच्या वाऱ्याचा वास येतो. नव्वदच्या दशकात अर्ध्या जगाने अंगावर जे 'पाणी' शिंपडलं, ते बरंचसं याच्याच जिवावर. कमळाचा अस्सल अर्क फार महाग, म्हणून तेही बहुतेक वेळा जुळवूनच करतात.

"मग तुझ्या तलावात म्हशी कधी बसल्या नाहीत वाटतं," मी म्हणालो.

मला आठवत होता दिवाळीच्या आसपासचा तलाव. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बेशरमची झुडपं, काठाला हिरवं शेवाळ, मासेमार ढिवर डोंग्यातून शिंगाडे काढतोय. उकडलेले शिंगाडे सोलून बोटं काळी झालेली. कमळं दिसायची, पण त्यांचा वास घ्यायला गुडघाभर गाळात उतरावं लागे. म्हणजे आधी नाकात जायचा तो गाळच. आमच्यासाठी कमळाचा वास गाळासकट होता. तो गाळ वगळला तर उरतं ते शाम्पूचं कमळ.

दीड महिन्याने दुसरी कुपी आली. लेबल तेच, खाली बारीक अक्षरात 'म्हशींसह'. तिने कनौजचं मिट्टी अत्तर मिळवलं होतं. तिथे भाजलेली माती तांब्याच्या डेगमध्ये पाण्याबरोबर तापवतात, आणि ती वाफ बांबूच्या नळीतून चंदनाच्या तेलात उतरवतात. त्याचे दोन थेंब, शिवाय जिओस्मिनचा एक अंश. पहिल्या पावसाला जो मातीचा वास येतो, त्यातला मोठा वाटा या जिओस्मिनचा. मातीतले आणि पाण्यातले सूक्ष्मजीव ते तयार करतात. आपलं नाक याबाबतीत इतकं तिखट की नुसता मागमूस पुरतो.

लावलं आणि गप्पच बसलो. आधी काकडी, मग कमळ, आणि दहाएक मिनिटांनी खालून हळूच पाळ वर आली. ओली, थंड, थोडी कुजकट.

तेवढ्यात ही आतून बाहेर आली, थबकली, हवेत नाक फिरवलं आणि म्हणाली, "मासे कुणी आणले?"

तिचं चुकलं नव्हतं. तलावातल्या रोहूला जो मातकट वास असतो, तोही जिओस्मिनचाच. म्हणून तर आजी मासा चिंचेच्या कोळात बुडवून ठेवायची. आंबटाने तो वास मोडतो.

भाचीला लगेच कळवलं. तिचा उलट निरोप आला, "मग पुढच्या कुपीत चिंच घालू?"

हिला विचारलं. ती म्हणाली, "घाल म्हणावं. आणि येताना रोहूही आण म्हणावं."