आमची वाटचाल : बिस्किटं, चक्का आणि ठाण्याचा पाऊस

२०२० च्या पावसाळ्यात आमच्या चरईतल्या घरी चॉकलेट क्रीम बिस्किटांचा एक मोठा पुडा उघडा राहिला आणि रात्रीत सादळला. लॉकडाऊनचे दिवस. दुकानं ठरावीक वेळच उघडी, त्यामुळे अन्न टाकायचं नाही हा घरातला नियम आणखी कडक झालेला. सासूबाईंनी डबा माझ्यापुढे सरकवला. म्हणाल्या, "याचं काहीतरी कर बाई, पण टाकू नकोस."

त्या वर्षी घरोघरी जो बिस्किटांचा केक होत होता, तोच मी केला. बिस्किटांचा क्रीमसकट चुरा, दूध, शेवटी इनो, आणि तळाला मीठ पसरलेल्या कढईत चाळीस मिनिटं. केक चांगला फुगला. पुढे वाचताना कळलं, की या बिस्किटांचा काळेपणा अल्कली लावलेल्या कोकोमुळे येतो. तसा कोको फारसा आंबट राहत नाही, म्हणून नुसत्या सोड्याला त्याच्याकडून फुगायला मदत मिळत नाही. इनोमध्ये सोड्याबरोबर सायट्रिक ॲसिड असतं, म्हणून ते काम करतं. फक्त इनो साधंच घ्यायचं. लिंबाच्या स्वादाचं घेतलं की केकला तो वास लागतो आणि मग कशानेच जात नाही.

मी ज्या क्लासमध्ये शिकवत होते तो मार्चपासून बंद होता. बिल्डिंगमधल्या तिघींनी मुलांच्या वाढदिवसासाठी केक मागितले, मग समोरच्या सोसायटीतून मागणी आली. दिवाळीपर्यंत दर आठवड्याला दहा-बारा केक जायला लागले, तेव्हा नवरा म्हणाला की आता हे रीतसर करू. एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी केली. वर्षाला १२ लाखांच्या आत उलाढाल असणाऱ्यांना तेव्हा नोंदणी पुरत होती आणि फी वर्षाला १०० रुपये. चौदा आकडी नंबर आला त्या दिवशी तो कागदावर लिहून सासूबाईंनी देवापुढे ठेवला.

केक मात्र आम्ही २०२१ च्या सुरुवातीला बंद केला. कारण साधं होतं, तो प्रत्येकीला घरी जमत होता. लोकांनी पैसे मोजावेत असं आपल्या हातात काय आहे, याचा आम्ही दोघींनी बराच विचार केला आणि बरणीतल्या थंड पदार्थांकडे, म्हणजे पुडिंग आणि चीजकेककडे, वळलो. खाली बिस्किटाचा तळ, वर क्रीमचा थर. दिसायला सोपं, पण खरी शिकवणी तिथेच सुरू झाली, आणि ती सादळण्याचीच होती.

बिस्किटात ओलावा जेमतेम दोन-चार टक्के असतो. त्यातली साखर आणि मैदा हवेतलं पाणी ओढून घेतात. ठाण्याच्या जुलैमध्ये हवेत पाण्याला तोटा नसतो. पुडिंगमध्ये बिस्किट मऊ व्हायलाच हवं. दुधात क्षणभर बुडवून थर लावले आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले की ते सुरीने केकसारखं कापलं जातं. चीजकेकच्या तळाला मात्र दाताखाली कुरकुरीतपणा हवा. म्हणजे एकाच बिस्किटाला एका बरणीत सादळू द्यायचं आणि दुसऱ्या बरणीत अजिबात सादळू द्यायचं नाही. तळासाठी आम्ही चुरा आधी १५० अंशांवर पाच-सहा मिनिटं भाजून पूर्ण गार करतो. २०० ग्रॅम चुऱ्याला ६० ग्रॅम लोणी घेतो. बहुतेक ठिकाणी याहून जास्त सांगतात, पण बिस्किटातल्या क्रीममध्येही तेल असतंच, त्यामुळे जास्त लोण्याने तळ तेलकट होतो. तळ बसला की त्यावर वितळवलेल्या चॉकलेटचा पातळ हात फिरवतो, म्हणजे वरचा ओलावा खाली झिरपत नाही. हा हात फिरवायची अक्कल यायला आम्हाला एक अख्खा पावसाळा लागला.

वरच्या थराचं श्रेय पूर्णपणे सासूबाईंचं. सुरुवातीला आम्ही वनस्पती तेलाचं तयार टॉपिंग वापरत होतो. ते फेटायला सोपं, स्वस्त आणि उकाड्यातही उभं राहतं, पण खाल्ल्यावर टाळूला चिकटून राहतं. घरी नेहमी येणारं पाकिटातलं क्रीम वापरून पाहिलं, तर त्यात स्निग्धांश २५ टक्के, ते कितीही फेटलं तरी उभं राहत नाही. त्याला ३५ टक्क्यांच्या आसपासचं क्रीम लागतं. क्रीम चीज आमच्या हिशेबात बसत नव्हतं. मी वैतागून बसले होते. सासूबाई त्या वेळी पाडव्याच्या श्रीखंडासाठी चक्का पुरणयंत्रातून काढत होत्या. त्यांनी एक चमचा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "अगं, हे काय वेगळं आहे? तुमच्या चीजला आंबटपणाच लागतो ना?"

तेव्हापासून आमच्या बरणीत चक्का आहे. एक किलो दह्याचा साधारण अर्धा किलो निघतो. दही फडक्यात बांधून फ्रिजमध्ये चाळणीवर ठेवायचं, वर वरवंट्याचं वजन, किमान बारा तास. बाहेर टांगलं तर उन्हाळ्यात आंबट होतं. अर्ध्या किलोला दीडशे ग्रॅम पिठीसाखर आणि दोनशे ग्रॅम फेटलेलं क्रीम. पुरणयंत्रातून काढलेला चक्का इतका मऊ येतो की मिक्सरची गरज लागत नाही. मिक्सरमध्ये उलट तो पातळ होतो. थर घट्ट बसावा म्हणून जिलेटिन आम्ही घालत नाही, कारण ते प्राण्यांपासून येतं. चक्का नीट निथळला असेल तर चायना ग्रासचीही गरज पडत नाही. निथळलेल्या पाण्यात थालीपीठाचं पीठ भिजतं. चॉकलेटचा कडवटपणा आणि दह्याचा आंबटपणा एकत्र आला की बिस्किटाचा अतिगोडपणा ताळ्यावर येतो. आमच्या सगळ्या कामात मला सर्वांत जास्त अभिमान याच थराचा आहे.

बिस्किटंही आम्ही बरीच पारखली. ओरिओ अमेरिकेत १९१२ मध्ये आलं, त्याच्याही आधी, १९०८ मध्ये, तिथे हायड्रॉक्स नावाचं तसंच बिस्किट होतं. आपल्याकडे ओरिओ २०११ मध्ये आलं. माझ्या लहानपणी क्रीमचं चॉकलेट बिस्किट म्हणजे बोरबॉन, आणि तेही मूळचं लंडनचं, १९१० चं. पुडिंगला मला आजही बोरबॉन आवडतं, कारण ते दूध पितं तरी विरघळत नाही. तळाला आणि रंगाला काळं गोल बिस्किट बरं. क्रीम वेगळं काढताना आमच्या लक्षात आलं होतं की ते जवळजवळ नेहमी एकाच चकतीला चिकटून येतं. पुढे वाचलं की २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी मुद्दाम यंत्र वापरून हेच तपासलं आणि त्यांनाही तेच दिसलं. फार आनंद झाला मला.

२०२२ च्या मे महिन्यात मोठा फटका बसला. कासारवडवलीजवळच्या एका ऑफिसची साठ बरण्यांची ऑर्डर होती, तोपर्यंतची सर्वांत मोठी. दुपारी बारा वाजता रिक्षा निघाली. घोडबंदर रोडवर मेट्रोचं काम चालू, माजिवड्यापासून पुढे गाड्या मुंगीच्या पावलानं. पोहोचायला पावणेदोन तास लागले. आमच्या थर्मोकोलच्या खोक्यातला बर्फ संपलेला, क्रीम खाली बसलेलं, तळ मऊ. मी तिथेच पूर्ण पैसे परत केले. येताना रिक्षात काहीच बोलवेना. घरी आल्यावर सासूबाईंनी आधी जेवायला वाढलं आणि मग वही काढून काय काय चुकलं ते लिहायला लावलं. त्या पानावरचे नियम आजही चालू आहेत. घोडबंदरची डिलिव्हरी सकाळी आठच्या आत निघते. वीसपेक्षा जास्त बरण्या एका खोक्यात जात नाहीत. उन्हाळ्यात चक्क्याचं प्रमाण वाढतं आणि क्रीमचं घटतं. त्याच वर्षीच्या जुलैपासून प्लॅस्टिकच्या चमच्यांवर देशभर बंदी आली, आम्ही लाकडी चमचे घेतले. काचेची बरणी परत आणून दिली की वीस रुपये वजा होतात.

गणपतीतल्या आमच्या बिस्किटांच्या मोदकांबद्दल लोक नेहमी विचारतात, म्हणून सांगते. ३०० ग्रॅम चुऱ्याला १५० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क आणि दोन चमचे तूप, आत खव्याची गोळी, साच्याला तुपाचा हात. यात चक्का नसतो, कारण तो बाहेर टिकत नाही. मात्र हे मोदक नैवेद्याचे नाहीत. नैवेद्याला उकडीचेच, हे सासूबाईंचं मत, आणि मलाही ते पटतं. हे आरतीनंतर पोरांच्या हातावर ठेवायला. आम्ही पेटीवर तसं स्पष्ट लिहितो.

आज आम्ही चौघी आहोत. मी, सासूबाई आणि बिल्डिंगमधल्या दोन वहिनी. दिवसाला चाळीस बरण्या, त्याहून जास्त नाही. जास्त घ्यायच्या तर चक्का बाहेरून आणावा लागेल, आणि ते आम्हाला करायचं नाही. जांभळी नाक्यावरून सामान आणायचं काम नवऱ्याकडे.

रोज पहाटे सहा वाजता सासूबाई फडकं सोडतात आणि पहिला चमचा स्वतः खातात. मागच्या महिन्यात एका सकाळी त्यांनी नुसती मान हलवली. रात्री बराच वेळ लाइट गेली होती आणि चक्का आंबला होता. साखर वाढवून तो खपला असता. आम्ही चौदा जणांना फोन केले आणि बरणीऐवजी बोरबॉनचं पुडिंग देऊ का, असं विचारलं. अकरा जण हो म्हणाले. तिघांचे पैसे दुपारपर्यंत परत गेले. त्या चक्क्याची संध्याकाळी कढी झाली.