तो दुधाचा दात नाही

माझ्या लेकीचा वरचा उजवा दात, म्हणजे पुढच्या दोन मोठ्या दातांच्या शेजारचा, तांदळाच्या दाण्यासारखा बारीक आणि टोकाकडे निमुळता आहे. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या शेजारच्या काकूंपासून शाळेतल्या मैत्रिणींपर्यंत सगळे एकच सांगतात, "दुधाचा हाय त्यो, काढून टाक की!"

तो काढायचा नसतो. दुधाचा पडून आठव्या-नवव्या वर्षी त्या जागी आलेला हा कायमचा दात आहे. दंतवैद्य याला मायक्रोडोंशिया म्हणतात. सगळेच दात लहान असणं फार विरळ. मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीच्या विकारानं वाढ खुंटते तेव्हा तसं दिसतं. एखाददुसरा दात बारीक राहणं मात्र बरंच आढळतं, आणि त्यात वरचा हाच दात किंवा अक्कलदाढ. बहुतेकदा ते घराण्यातून येतं. माझ्या आत्याचा दात असाच आहे, आणि बाबांचा त्या जागचा एक दात आलाच नाही. एकाच घरात कुणाचा बारीक, कुणाचा गायब, हे एकाच गोष्टीचे दोन प्रकार.

म्हणून ओपीजी, म्हणजे सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे, काढून घ्या, हे मी ओळखीच्या प्रत्येक आईला सांगते. वरचा सुळा खाली येताना याच दाताच्या मुळाचा आधार घेतो. दात बारीक किंवा गायब असला, तर सुळा वाट चुकून टाळूकडे अडकण्याची शक्यता वाढते. दहाव्या वर्षाच्या सुमारास हे कळलं तर बरंच सोपं जातं.

एका दवाखान्यात तेराव्या वर्षीच दात मशीननं घासून त्यावर कॅप बसवा म्हणाले. मला फार राग आला. या वयात दाताच्या आतली नस मोठी असते, हिरडीही अजून मागे सरकायची असते. चांगला दात का घासायचा?

शेवटी शाहूपुरीत कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं भरायचं मटेरियल, लावून घेतलं. डॉक्टरांनी दात ओला असतानाच, दिवा बंद करून, खिडकीच्या उजेडात रंगाच्या पट्ट्या शेजारी धरून पाहिल्या. दात सुकला की पांढरट दिसतो आणि रंग चुकतो. मग थरावर थर, प्रत्येक थरावर निळा प्रकाश. दात घासला नाही, इंजेक्शनही नाही. काही वर्षांनी कडा झिजेल किंवा टवका उडेल, तेव्हा पुन्हा भरून घेऊ. कॅप किंवा व्हिनिअरचा (दातावर समोरून चिकटवायच्या पातळ कवचाचा) विचार वाढ पूर्ण झाल्यावर.

आता भावाच्या धाकटीचे दात बघायचे आहेत. ती नऊची झाली.